डिझाइन तपासणीत मराठी स्क्रीनच नापास का होतात?

कानामात्रा (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लोअर परळला ठेवी आणि विम्याच्या एका ॲपच्या डिझाइन टीममध्ये आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे डिझाइनची आपोआप तपासणी सुरू झाली. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल डेव्हलपरकडे द्यायची म्हटली की आधी एक स्क्रिप्ट ती पूर्ण चाळते. रंग डिझाइन सिस्टीममधला, म्हणजे सगळ्या स्क्रीनसाठी ठरवून ठेवलेल्या संचातलाच आहे ना, अक्षरांची स्टाइल ठरलेलीच आहे ना, अंतरं ४ पिक्सेलच्या पटीत आहेत ना, बटण लायब्ररीतलं आहे की कुणी डिटॅच करून, म्हणजे मूळ बटणापासून तोडून, हाताने बदललंय. काही चुकलं की लाल, आणि लाल असेल तर फाइल पुढे सरकत नाही.

मला ही तपासणी हवी आहे, हे आधीच सांगते. पूर्वी हे सगळं मी डोळ्यांनी बघायचे आणि तरी निम्मं सुटायचं.

पण परवा आईने तिचा फोन पुढे केला. "हे काय लिहिलंय गं? मुदतपर्तीची?" ओळ होती 'मुदतपूर्तीची तारीख'. अक्षर १४ चं, ओळीची उंची १६. 'पू'चा ऊकार खालून कापला गेला होता आणि 'र्ती'वरचा रफार वरून अर्धा उडाला होता. इंग्रजीत त्याच जागी 'मॅच्युरिटी डेट' अगदी नीट बसतं. गंमत म्हणजे फिग्मात काहीच कापलेलं दिसत नाही, कारण तिथे अक्षर स्वतःच्या चौकटीबाहेर गेलं तरी उमटतं. फोनवर ते चौकटीपाशी कापलं जातं. म्हणून ही स्क्रीन तपासणीत हिरवी होऊन गेली होती.

मी उंची १६ ची २२ केली. फाइल लगेच लाल. 'ही ओळ-उंची सिस्टीममध्ये नाही.' म्हणजे कापलेलं मराठी पास आणि वाचता येणारं मराठी नापास.

तुमच्याकडे अशी तपासणी आहे का? ती कशावर अडवते, काय सोडते, आणि अपवाद कोण मंजूर करतं? अनुभव हवेत.

लोकल_८५२ | रात्री ९:५८

जागा धरून ठेवतो. डोंबिवलीला उतरलो की लिहितो.

सेमीकोलन | रात्री १०:१५

मी डेव्हलपर, ऐरोलीला. आमच्याकडे ही तपासणी कोडच्या बाजूने आधी आली, डिझाइनच्या बाजूने नंतर.

या प्रकाराला 'लिंट' म्हणतात. १९७८ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी पहिला लिंट लिहिला. प्रोग्रॅम चालतो, पण त्यात बारीकसारीक संशयास्पद गोष्टी चिकटून राहिल्यात, त्या झटकून दाखवायचं त्याचं काम. कापडाला चिकटलेल्या तंतूंवरून नाव पडलं. तिथून जावास्क्रिप्टचा ईएसलिंट (२०१३), सीएसएसचा स्टाइललिंट. फिग्मात २०१९ ला प्लगिनची सोय आली तशी तीच कल्पना डिझाइनमध्ये शिरली.

आतून ते फार साधं असतं. फिग्माची फाइल म्हणजे एक झाड. पान, त्यात फ्रेम, त्यात ग्रुप, त्यात मजकूर. स्क्रिप्ट फांदीफांदीवर जाते आणि विचारते, हा रंग व्हेरिएबलला, म्हणजे सिस्टीमने नाव देऊन ठरवलेल्या किमतीला, बांधलेला आहे की नुसता आकडा लिहिलाय? ही कॉम्पोनंटची, म्हणजे तयार घटकाची, इन्स्टन्स (प्रत) आहे का, आणि तिचं मूळ आपल्याच लायब्ररीत आहे का? उत्तर 'नाही' आलं की नोंद.

म्हणूनच ताई, तुमच्या स्क्रिप्टला 'मुदतपूर्ती' दिसतच नाही. तिला दिसतं १४ आणि १६. त्या चौकटीत कुठली लिपी आहे हा प्रश्न तिला कुणी शिकवलेलाच नाही.

टोकनवाली | रात्री १०:५०

मी पलीकडच्या बाजूची आहे. पवईला एका कंपनीत डिझाइन सिस्टीम सांभाळते. कानामात्रा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, पण अपवाद मोकळे सोडा असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्याकडे तपासणी नव्हती तेव्हा एकाच ॲपमध्ये एकाच निळ्याच्या डझनभर छटा निघाल्या. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. घाईत एक जण स्क्रीनशॉटवरून ड्रॉपरने रंग उचलतो. मॅकच्या रंग-प्रोफाइलमुळे उचललेला निळा मूळ निळ्यापासून एक-दोन आकडे सरकलेला असतो. दुसरा त्याची फ्रेम कॉपी करतो, तिसरा त्याची. डोळ्याला काही कळत नाही. मग ब्रँडचा निळा बदलायचं ठरतं, एका ठिकाणी बदलतो, आणि अर्ध्या स्क्रीन जुन्याच राहतात. आम्ही तीन आठवडे नुसते निळे शोधत बसलो होतो.

प्रत्येक टीम येऊन सांगते, आमची केस वेगळी आहे. दहातल्या नऊ वेळा ती वेगळी नसते. मी कडक राहिले नाही तर वर्षभरात सिस्टीम नावालाच उरेल.

मुलुंडकर | रात्री १०:५८

+१. आणि डिटॅच केलेली बटणं! कंट्रोल-ऑल्ट-बी दाबताना कुणाचा हातही थरथरत नाही.

कानामात्रा | रात्री ११:१०

टोकनवाली, नऊ वेळा तुमचं बरोबर आहे. माझा प्रश्न दहाव्या वेळेचा आहे. ती दहावी वेळ आमच्याकडे फक्त मराठी, हिंदीच्या स्क्रीनवर येते. इंग्रजी स्क्रीनवर कधीच नाही. हा योगायोग नसावा.

गिरणगावचा नातू | सोमवार, सकाळी ७:३०

सेमीकोलन यांनी लिंट शब्द काढला म्हणून लिहितो. विषयाला थोडं सोडून आहे, पण फार नाही.

माझे आजोबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते. कापूस घरी यायचा त्यांच्या केसांतून, भुवयांतून. विणलेलं कापड फोल्डिंग खात्यात जायचं. तिथे उजेडात टेबलावरून ते ओढून तपासायचे. ताणा तुटलेला, डाग, रेघ, जे दिसेल त्यावर खूण. खराबी निघाली की विणकराच्या पगारातून दंड.

आजोबा एक गोष्ट मरेपर्यंत सांगत. त्यांच्या साच्याच्या फणीचा एक दात वाकलेला होता. फणी वाकली की कापडभर उभी रेघ येते, विणणाऱ्याचा हात कितीही चांगला असो. त्यांनी मुकादमाला दोनदा सांगितलं. फणी बदलली नाही, रेघ येत राहिली, दंड त्यांच्याच नावावर पडत राहिला. तपासणारा खोटं बोलत नव्हता, रेघ होतीच की. फक्त ती साच्याची होती आणि लिहिली जायची माणसाच्या नावावर.

कानामात्रा, तुमच्या अहवालात लाल खूण कुणाच्या नावावर पडते? स्क्रीन करणाऱ्याच्या की सिस्टीमच्या?

कानामात्रा | सकाळी ८:०५

स्क्रीन करणाऱ्याच्या. दर सोमवारी टीमप्रमाणे टक्केवारीचा तक्ता येतो. आजही आलाय आणि मराठी स्क्रीन करणारी टीम सगळ्यात खाली आहे. तुमची गोष्ट वाचून तो तक्ता परत उघडला. बराच वेळ बघत बसले.

टेस्टरताई | सकाळी ९:२०

टक्केवारीचं निघालंच आहे तर आमच्याकडचं सांगते. आमचा आकडा होता 'सिस्टीममधल्या घटकांचं प्रमाण', म्हणजे फ्रेममधले किती घटक लायब्ररीतले. एका रिलीजला एका टीमचा आकडा एकदम चढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ती स्क्रीन फारशी बदललेली वाटेना म्हणून लेयर उघडत गेले. आत 'आयकॉन' नावाच्या फ्रेममध्ये लायब्ररीतली बटणं एकावर एक रचून, लेयरचं डोळ्याचं चिन्ह बंद करून लपवून ठेवलेली होती. दिसत नव्हती, पण मोजली जात होती.

ज्या मुलाने हे केलं तो चांगला डिझाइनर आहे. त्याच्यावर आकड्याचं ओझं होतं आणि आकडा कमी का आहे हे विचारायला कुणी आलं नव्हतं. मी त्याचं नाव वर कळवलं नाही. लपवलेले लेयर मोजू नयेत असा नियम घालून घेतला आणि टीमप्रमाणे तक्ता बंद करायला लावला. आता अहवाल घटकाप्रमाणे निघतो. कुठलं कॉम्पोनंट सगळ्यात जास्त वेळा तोडलं जातं? त्यात तारीख निवडायचं कॉम्पोनंट पहिलं आलं. उघडून बघितलं तर त्यात मराठी महिन्यांची नावं मावतच नव्हती. 'सप्टेंबर', 'ऑक्टोबर' बसावं म्हणून जो तो ते तोडत होता.

नातू म्हणतात ती वाकलेली फणी, ती ही.

टोकनवाली | सकाळी ९:४५

टेस्टरताई, घटकाप्रमाणे अहवाल ही कल्पना मी आजच उचलते.

ऐकून वाचणारा | दुपारी १:१०

मी दृष्टिहीन आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. रंग आणि अंतरांच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. ॲपमध्ये बोट फिरवलं की माझा फोन म्हणतो, "अनलेबल्ड, बटण." पुढे परत, "अनलेबल्ड, बटण." अशी चार ओळीने. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि खातं बंद करायचं कुठलं, हे मी दाबून बघायचं का?

ही चारही बटणं तुमच्या सिस्टीममधलीच असणार. रंग बरोबर, आकार बरोबर, सगळं हिरवं. नुसत्या आयकॉनच्या बटणाला नाव दिलंय की नाही हे यंत्राला सहज कळतं. ही तपासणी सगळ्यात वर ठेवा आणि इथे खुशाल अडवा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये सेबीनेही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना सुगम्यतेबद्दल परिपत्रक काढलं. पण कायदा यायच्या आधीही मला पैसे पाठवायचेच होते.

रेघोट्या | दुपारी १:४०

वरच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन.

यंत्र कुठे माणसापेक्षा खरंच चांगलं, त्याचं एक उदाहरण. पांढऱ्यावर करडी अक्षरं घ्या. हॅश ७७७७७७ आणि हॅश ७६७६७६ या कोडचे दोन रंग शेजारी ठेवा. कुणालाही फरक दिसणार नाही. पण पहिल्याचा कॉन्ट्रास्ट ४.४८ ला १ येतो आणि दुसऱ्याचा ४.५४ ला १. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराची मर्यादा ४.५ ला १ आहे. पहिला नापास, दुसरा पास. यावर मीटिंगमध्ये अर्धा तास वाद घालण्यापेक्षा यंत्राला सांगू दे.

तेच अक्षर फोटोवर ठेवा. आता मागचा रंग कुठला धरायचा? आकाशाचा की झाडाचा? तिथे स्क्रिप्टने गप्प राहून 'माणसाने बघा' एवढंच म्हणावं. आमची आधी तिथेही हिरवं द्यायची. खोटं हिरवं लालपेक्षा वाईट.

खिडकीजवळची सीट | दुपारी ३:००

आता एआय आलंय ना, स्क्रीनशॉट द्या आणि विचारा. एवढी स्क्रिप्ट कशाला लिहायची?

सेमीकोलन | दुपारी ३:२५

करून बघितलंय. बटणाच्या आतलं अंतर १२ होतं, त्याने ठामपणे १६ सांगितलं. परत विचारल्यावर माफी मागून १४ म्हणाला. चित्रावरून पिक्सेल मोजणं त्याच्या हातचं नाही आणि गरजही नाही, कारण नेमका आकडा फाइलमध्ये लिहिलेलाच असतो. २०२५ पासून फिग्माच्या एमसीपी सर्व्हरमधून (एआयला बाहेरची माहिती जोडून देणारी सोय) ती माहिती मॉडेलला थेट देता येते. मोजायचं ते स्क्रिप्टने मोजावं.

मॉडेलचा उपयोग मला वेगळ्या जागी झाला. एका स्क्रीनवर 'आजची खास सूट' ही पट्टी लाल होती. लाल सिस्टीममधलाच, टोकनला (सिस्टीमने नाव देऊन ठरवलेल्या रंगाला) बांधलेला, स्क्रिप्टच्या लेखी शंभर टक्के बरोबर. पण तो टोकन काही चुकल्याचा संदेश दाखवण्यासाठी राखीव आहे. पैशाच्या ॲपमध्ये लाल पट्टी बघून माणूस घाबरतो. मॉडेलने मजकूर वाचला आणि विचारलं, ही सूट आहे तर चूक दाखवणारा रंग का? हे स्क्रिप्टला कधीच सुचलं नसतं. त्याचं म्हणणं आम्ही सूचना म्हणून दाखवतो, त्यावर फाइल अडवत नाही.

लोकल_८५२ | संध्याकाळी ७:५०

काल जागा धरून पळालो, माफ करा.

कानामात्रा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, अपवाद कोण मंजूर करतं. आमच्याकडे असं आहे. प्रत्येक नियमाची पायरी ठरलेली: अडवणारे, सूचना देणारे, नुसते नोंदवणारे. अडवणारे फार थोडे ठेवलेत. सुगम्यता, डिटॅच केलेलं कॉम्पोनंट, बिनटोकनचा रंग. जुन्या फाइलमधल्या आधीच्या चुका एकदा गोठवून ठेवल्या, नवीन चूक केली तरच लाल. नाहीतर पहिल्याच दिवशी हजारो लाल खुणा बघून लोक तपासणीच बंद करतात.

अपवाद हवा तर डिझाइनरने स्वतः घ्यायचा, कुणाची परवानगी नाही. पण एक वाक्य कारण लिहायचं आणि तारीख घालायची. तारीख संपली की परत लाल. आणि एकच अपवाद तीन वेगळ्या लोकांनी घेतला की तो आपोआप सिस्टीमच्या टीमकडे काम म्हणून जातो. तिथून पुढे उत्तर त्यांनी द्यायचं.

टोकनवाली ताई, तुमची भीती खरी आहे. पण कारण लिहायला लागतं तेव्हा आळशी अपवाद आपोआप गळतात. 'घाईत होतो' असं कुणी लिहीत नाही.

टोकनवाली | रात्री ८:३०

हे मला पटतंय. तीनाचा आकडा मी पाच करेन, पण पटतंय.

कानामात्रा, एक विचारू? तुम्ही २२ का घेतलं?

कानामात्रा | रात्री ८:४०

डोळ्याने. कापणं थांबलं तिथे थांबले.

टोकनवाली | रात्री ९:२०

मी आत्ता घरी नोटो सान्स देवनागरी लावून १४ वर 'मुदतपूर्तींची' लिहून बघितलं, मुद्दाम अनुस्वारासकट. एका ओळीच्या लेबलला २० पुरतं. दोन-तीन ओळींचा मजकूर असेल तर २० मध्ये वरच्या ओळीचे ऊकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, तिथे २४ लागतात. २० आणि २४ दोन्ही ४ च्या पटीत आहेत. २२ ने खालची सगळी रचना ४ च्या पटीपासून दोन पिक्सेलने सरकते, म्हणून खालची बटणंही लाल झाली असतील. तपासा.

आणि मूळ चूक आमच्यासारख्यांची आहे, हे मान्य. १४ ला १६ ही जोडी ठरवली तेव्हा समोर फक्त रोमन लिपी होती. फिग्मात २०२३ पासून व्हेरिएबलला मोड देता येतात. उजेड-अंधाराचे देतो तसा लिपीचाही देता येतो. नाव एकच, रोमनला १६, देवनागरीला २०. मग तुमची स्क्रीन अपवाद राहतच नाही.

कानामात्रा | रात्री ९:४५

बघितलं. खालची दोन्ही बटणं खरंच माझ्या २२ मुळे लाल होती. तिथे स्क्रिप्टचं बरोबर होतं आणि मी उगाच तिच्यावर चिडले होते. २० करून उद्या आमच्या सिस्टीमवाल्यांकडे जाते, लिपीचा मोड मागायला. नातूंची फणी पण सांगणार आहे.

शुद्धीपत्र | रात्री १०:३०

मराठीसाठी अजून एक तपासणी घाला, सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. पान मराठीत असेल तर कोडमध्ये भाषा मराठी म्हणून लिहिलेली आहे का? पुष्कळ ठिकाणी हिंदी लिहिलेली असते किंवा काहीच नसतं. मग ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत तिथेही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हेच आपले, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही तेच ठरवलेत. ओपनटाइप फॉन्टमध्ये भाषेनुसार रूप बदलायची सोय असते, फक्त भाषा सांगावी लागते. यंत्राला एका ओळीत तपासता येईल असा नियम आहे.

मुलुंडकर | रात्री १०:४५

अवांतर: आकडे कुठले ठेवता? देवनागरी की रोमन?

शुद्धीपत्र | रात्री ११:००

वाक्यात देवनागरी, खाते क्रमांकाला बँकेच्या कागदावर असतात तसे. बेस्टच्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडे बघून मुंबईत आलेली माणसं शिकतातच की. फक्त स्वल्पविराम १,००,००० असाच हवा, १००,००० नको. हाही नियम यंत्राला देता येतो.

कानामात्रा | बुधवार, रात्री ८:१५

सगळ्यांसाठी खबर. लिपीचा मोड मंजूर झाला, पुढच्या रिलीजमध्ये येतोय. टीमप्रमाणे तक्ता मात्र अजून बंद झालेला नाही. त्यावर शुक्रवारी परत बसायचं आहे. ऐकून वाचणारा, बिननावाच्या आयकॉन बटणाचा नियम आजपासून अडवणाऱ्यांत गेला. पहिल्याच फेरीत आमच्या स्वतःच्या मुखपृष्ठावर तीन सापडली, संध्याकाळी तिन्हींना नावं दिली.

आता एक मदत हवी आहे. लायब्ररीतल्या प्रत्येक कॉम्पोनंटमध्ये इंग्रजी नमुन्याऐवजी अवघड मराठी शब्द भरून फोनवर कापलं जातंय का, हे स्क्रिप्टने बघायचं ठरलंय. शब्द सुचवा. 'मुदतपूर्तींची' आहेच.

टोकनवाली | रात्री ८:२०

पुनर्मूल्यांकन. वर रफार, खाली ऊकार, आणि लांबही.

शुद्धीपत्र | रात्री ८:२६

शुश्रूषा. कर्तृत्व. हृद्‌रोग, विम्यात लागेलच.

गिरणगावचा नातू | रात्री ८:४०

ट्रॅक्टर. 'ट्र'च्या खालचा रकार बरेचदा गायब होतो.

ऐकून वाचणारा | रात्री ८:५५

'ऱ्हस्व' आणि 'दुसऱ्या'. हे दोन बोलूनही बघा, फक्त दाखवून नाही. माझा फोन 'दुसऱ्या'ला अडखळतो.